उजवा खांदा

खडवली
१२ ऑगस्ट २०२४

चि. सौ. प्रियांका हिस,
आवडाबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? नयनचं डोकं दुखत होतं ते थांबलं का? चष्म्याचा नंबर वाढला असेल, त्याला म्हणावं डोळे दाखवून ये, आईने सांगितलंय. डोंबिवलीला विहीणबाई नीलाताईंचा गुडघा काय म्हणतोय? जिना चढतात का? तुझा भाऊ दिपेश अजून रोज बाहेरचं खातो का, आणि मग रात्री पोट धरून बसतो का? इथे मी बरी आहे. गोपीनाथभाऊजींची साखर वाढली आहे, पण जिलेबी सुटत नाही. दीर असले तरी माझ्याहून लहान आहेत, म्हणून ओरडते. ते ऐकल्यासारखं करतात. म्हैस ठीक.

तू सुनेच्या नात्याने इतकी वर्षं न कंटाळता पत्र लिहितेस, याचं आळीत सगळ्यांना नवल वाटतं. ठाणं इथून दीड तासावर, आणि पत्रं कसली लिहिता, म्हणतात. पण फोन कानाला लावला की मला आत मधमाशी अडकल्यासारखं ऐकू येतं, ते त्यांना कुठे माहीत. चाळिशीत रात्रीच्या वर्गाला जाऊन अक्षरं गिरवली ती काय फुकट घालवू? भाऊजी फोनवर नयनचा चेहरा दाखवायचे, तेवढं बरं वाटायचं. आता म्हणतात कॅमेरा बिघडलाय. दुरुस्त करून घ्या बाबा.

तुझ्या पत्रात शेवटी एकच ओळ होती, मान आणि खांदे धरलेत म्हणून. कॉम्प्युटरसमोर बसून असेल, असं तूच लिहिलंस. मी काही डॉक्टरीण नाही. पण भाजीची पाटी डोक्यावर घेऊन कल्याणच्या बाजारात आयुष्य काढलं. मान मोडली तेव्हा नौपाड्यातल्या एका दवाखान्यात बाईंनी चार व्यायाम शिकवले, पुढचे माझे मी शोधले. आता आळीतल्या बायका संध्याकाळी ओट्यावर येतात आणि आम्ही सगळ्या मिळून माना हलवतो. भाऊजी म्हणतात, नंदीबैलांची शाळा भरली.

तर ऐक. खुर्चीत ताठ बस, पाय जमिनीला टेकव. श्वास घेत दोन्ही खांदे कानांपर्यंत उचल. कुणी ‘तुझं काय जातं?’ विचारल्यावर आपण उडवतो ना खांदे, तसे. ओवीची एक ओळ म्हणून होईल इतकं थांब. मग श्वास सोडत खांदे धपकन खाली टाक. ओझं उतरवल्यासारखे. पुन्हा कर. खाली टाकणं हाच खरा व्यायाम आहे, उचलायला सगळ्यांनाच येतं.

दुसरं. हनुवटी सरळ मागे ओढ. खाली नाही, मागे. गळ्याला दोन वळ्या पडतील, पडू दे, कोण बघतंय. आणि मान गरागरा फिरवू नको, ती काय रहाट आहे?

रात्री तव्यावर खडेमीठ गरम कर, जुन्या धोतराच्या फडक्यात बांध आणि शेक.

गौरी-गणपतीला येताय ना? नयनला सांग, या वर्षी मखर त्यानेच करायचं. पत्र टाक.

आवडाबाई

*

ठाणे
२५ ऑगस्ट २०२४

ती. आईंस,
प्रियांकाचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. तुमची तब्येत, काकांची साखर, म्हैस, सगळं कळलं. माझ्या आईचा गुडघा बरा आहे. ती सध्या बरेच दिवस आमच्याकडेच असते, मला ऑफिसला जायचं असतं म्हणून. दिपेशने बाहेरचं खाणं कमी केलंय, निदान बोलतो तरी तसं.

खांदे खाली टाकायचा व्यायाम मी ऑफिसात करते. शेजारची ऐश्वर्या बोलली, काय गं, कुणावर एवढी वैतागलीस? मी बोलले, सासूबाईंनी शिकवलाय. आता तीपण करते.

आई, गणपतीला आम्हाला यायला जमणार नाही. डॉक्टरांनी सध्या गाडीचे धक्के नकोत म्हणून सांगितलंय. काळजीचं कारण नाही. नीट सांगेन, पण आत्ता नको. काकांना तुम्ही काहीतरी सांगा.

एक मागायचं होतं. तुमच्या आंबोशीच्या लोणच्याची बरणी शिल्लक आहे का? घरात अन्न नको झालंय. फोडणीचा वास सहन होत नाही, मी उकडलेलंच करते. पेजेबरोबर काहीतरी आंबट जाईल असं वाटतं.

नयन नमस्कार सांगतो. उत्तर लवकर द्या, तुमचं पत्र आलं की घरात बरं वाटतं.

आपली,
प्रियांका

*

खडवली
३ सप्टेंबर २०२४

चि. सौ. प्रियांका हिस,
अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद.

तू जप. तेवढंच लिहिते. तू कशी आहेस, सकाळी कसं वाटतं, पाणी तरी पोटात राहतं का, हे सगळं मनात विचारून झालंय, कागदावर विचारत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मागच्या खेपेला दुसऱ्याच महिन्यात अख्ख्या आळीला कळलं, बायका बघायला आल्या, आणि मग जे झालं ते तुला मला ठाऊक आहे. या वेळी माझ्या ओठांना कुलूप. तूही काही सांगू नको, माझ्याशीसुद्धा बोलू नको. तीन महिने सरले की मग बघू.

खरं सांगते, तुझं पत्र वाचलं आणि मी गोठ्यात जाऊन म्हशीला सांगून आले. तिच्या पोटात राहतं.

भाऊजींना सांगितलं, नयनला सुट्टी नाही. ते म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही हसताय का मग?’ मी म्हटलं, दात दुखतोय.

बरणी पाठवते आहे. आपल्या समोरच्या घरातली कल्पिता नौपाड्यात चष्म्याच्या दुकानात कामाला जाते ना, ती तुझ्या ऑफिसात आणून देईल. मीच येणार होते. पिशवीसुद्धा भरली होती. मग म्हटलं, मी निघाले की स्टेशनापर्यंत दहा बायका विचारणार, कुठे निघालात, कशाला निघालात. एकीच्या तोंडून निसटलं की झालं. आणि माझी मेलीची नजरसुद्धा नको. म्हणून पिशवी रिकामी केली. एवढे दिवस कळ काढली, अजून थोडे.

आता व्यायाम. या दिवसांत मान-खांदे जास्त धरतात, अंग सैल पडतं ना. पालथं झोपून काही करू नको. दाराच्या चौकटीत उभी राहा, दोन्ही हात चौकटीला लाव, आणि एक पाय पुढे टाकून छाती अलगद पुढे जाऊ दे. पुढचं अंग उघडतं. पाठीच्या दोन फळ्या जवळ आण, मध्ये एखादी सुपारी धरून ठेवायची आहे असं समज. दिवसातून दोनदा पुरे.

आणि जड उचलू नको. पाण्याची बादलीसुद्धा नाही. नयनला उचलू दे. एवढा ताडमाड पोरगा घरात कशाला आहे?

मी इथे काय शिवत बसले आहे ते सांगणार नाही. पत्र टाक.

आवडाबाई

*

ठाणे
२२ सप्टेंबर २०२४

ती. आईंस,
शि. सा. नमस्कार.

बरणी पोचली. झाकण उघडल्या उघडल्या नयन बोलला, आई आली. पहिल्याच दिवशी पेजेबरोबर चार फोडी संपल्या. किती दिवसांनी घरात कुणी ‘अजून वाढ’ म्हटलं.

तुमचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. म्हशीचं ऐकून तो खूप हसला.

आई, माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा जास्त गेलाय. पाठीच्या फळीखाली सुरी खुपसल्यासारखं होतं, मग मानेत चढतं. सकाळी वेणी घालायला हात वर जात नाही. यावर काही आहे का?

खाली नयनने स्वतः लिहिलंय.

आपली,
प्रियांका

आई लोणचं एकदम भारी. खांदे खाली टाक. नयन

*

खडवली
५ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. प्रियांका हिस,
अनेक आशीर्वाद.

तू बरी असशीलच, तसं समजून चालते. विहीणबाई तुझ्याजवळ आहेत म्हणून माझा जीव थाऱ्यावर आहे, त्यांना नमस्कार सांग. नयनला सांग, एवढा शिकून कारखान्याचे नकाशे काढतोस आणि आईला लिहिताना कोंबडीचे पाय? दोन शब्दांत ओळ उतरणीला लागली आहे. रात्रीच्या वर्गात मी असं अक्षर काढलं असतं तर बाईंनी पाटी पुसायला लावली असती. तरी ती ओळ मी देव्हाऱ्यात ठेवली आहे.

देवीचं नवरात्र बसलंय. माझे उपास चालू आहेत.

आता तुझ्या खांद्याचं. एकाच बाजूचा खांदा असा जातो तो बसून जात नाही. बसून गेला तर दोन्ही जातात. तू उजव्या हाताने काय ओढतेस? नयनचे बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा माझासुद्धा उजवाच गेला होता, अगदी असाच, फळीखाली सुरी. मी त्यांना काखेत हात घालून ओढून बसवायची. ते माझ्या मानेला हात घालून लटकायचे. बिचाऱ्यांना दुसरा आधार नव्हता. वर्षभराने शहाणपण आलं. माणसाला आपल्या मानेला धरू द्यायचं नाही. आपण अगदी त्याच्या अंगाला लागायचं, एक गुडघा पलंगावर टेकवायचा, त्याला आधी कुशीवर करायचं, पाय पलंगावरून खाली सोडायचे, आणि पायांच्या वजनानेच धड वर येतं. आपण फक्त साथ द्यायची. खांद्याने काही करायचं नाही, जे करायचं ते मांड्यांनी.

बघ, हे सगळं मी तुला कशाला लिहिते आहे! तुझ्या घरी कोण अंथरुणावर आहे? म्हाताऱ्या माणसाची लेखणी उतरणीच्या गाडीसारखी, लागली की लागली. तू बहुतेक खांद्याला ती जड पर्स अडकवतेस. ती डाव्या खांद्याला घे. उजव्या बाजूला असं कर. खुर्चीची कड उजव्या हाताने खालून धर, आणि डावा कान डाव्या खांद्याकडे अलगद ने. ओढू नको, डोक्याचं वजनच ओढतं. हाताला मुंग्या येत असतील तर मात्र माझं ऐकू नको, दवाखाना गाठ.

आता खरं काम. माझ्या हिशेबाने तिसरा महिना लागला. दसरा झाला की त्यापुढच्या गुरुवारी मी येते. चोरओटी भरायची. खण घेतलाय, नारळ आपल्याच झाडाचा आहे, फळं ठाण्यात घेईन. ओटी घरातल्या घरात, गुपचूप, तू आणि मी. विहीणबाई असतील तर त्यांनी फक्त हसायचं, बोलायचं नाही. आळीत सांगेन की डोळे तपासायला जाते. येताना कुंची आणते, हिरव्या काठाची. सांगणार नव्हते, पण सांगितलं.

प्रियांका, नयनचे बाबा गेल्यापासून मला सणाचं काही वाटत नव्हतं. आज वाटतंय.

लवकर लिही, गुरुवार चालेल ना?

आवडाबाई

*

ठाणे
९ ऑक्टोबर २०२४

ती. आईंस,

हे पत्र कल्पिताच्या हाती देतेय. पोस्टाने उशीर होईल.

आई, ओटी आणू नका. मला दिवस गेलेले नाहीत.

लोणचं नयनला हवं होतं. उलट्या त्याला होतात. गाडीचे धक्के त्याला नको होते.

जूनमध्ये त्याचं डोकं दुखायला लागलं, तुम्हाला ते माहीत आहे. मग एक दिवस ऑफिसात त्याच्या हातून पेन्सिल पडली आणि ती उचलताना त्याला कळेना की हात कुठे आहे. मेंदूत गाठ आहे. मोठ्या हॉस्पिटलमध्ये दाखवलं, दोन ठिकाणी. दोन्हीकडे बोलले की तिथे हात लावता येणार नाही. किरणं दिली. ऑगस्टपासून त्याची डावी बाजू गेली, आता उजवीही जातेय. कॅमेरा बिघडलेला नाही. त्याचा चेहरा एका बाजूला ओढला गेलाय, तो तुम्हाला दिसू नये म्हणून काकांना तसं सांगितलं. माझ्या पत्राखाली त्याने लिहिलेल्या ओळीला त्याला किती वेळ लागला, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही.

त्याने मला शपथ घातली होती. बोलला, बाबांचं सगळं आईने काढलंय, तिला पुन्हा तेच बघायला लावणार नाही. मी बरा झालो तर सांगू, नाही झालो तर शेवटी सांगू. मी खूप भांडले. मग रडला. तो रडलेला मी कधी बघितला नव्हता, म्हणून हो बोलले.

तुमचं गणपतीआधीचं पत्र आलं तेव्हा मला कळलं की तुम्ही काय समजलात. मी त्याच दिवशी लिहायला बसले होते. नयनला वाचून दाखवलं. तो म्हशीच्या ओळीपाशी हसला. मग बोलला, राहू दे ना. आई किती खूश आहे. थोडे दिवस राहू दे. मी राहू दिलं. आई, यात माझाही स्वार्थ होता. तुमच्या पत्रात मी जे होते ते मला आवडत होतं. तुम्ही पिशवी रिकामी केली ते वाचल्यावर मी रात्रभर झोपले नाही, तरी राहू दिलं.

परवा तुमचं पत्र आलं. माणसाला कसं उठवायचं ते तुम्ही लिहिलं होतं. मी तसंच केलं. कुशीवर, पाय खाली, गुडघा पलंगावर. पहिल्यांदा त्याला न दुखता तो उठून बसला. बोलला, कुणी शिकवलं? मी बोलले, आईंनी. तो बोलला, तिला कळलं का? मी बोलले, नाही.

काल दुपारी त्याने मला आई अशी हाक मारली. मी बोलले, मी प्रियांका. तो बोलला, हो, माहिती आहे, आणि पुन्हा आई बोलला. तेव्हा मी शपथ मोडली.

लगेच या. गुरुवारची वाट बघू नका.

प्रियांका

*

डोंबिवली
१५ डिसेंबर २०२४

ती. आईंस,
शि. सा. नमस्कार.

मी आईकडे आले आहे. ठाण्याचं घर बंद आहे.

नयनचे दिवस झाल्यावर तुम्ही खडवलीला गेलात, तेव्हा रिक्षात बसताना माझ्याकडे बघितलं नाहीत. त्यानंतर पत्र नाही. मला कारण माहीत आहे, म्हणून विचारत नाही. तुम्ही घरात होतात तेव्हा आपण त्याच्याबद्दल सगळं बोललो, औषधं, कूस, पाणी, पण ती एक गोष्ट दोघींनी काढली नाही.

माझी मान आता वळतच नाही. तुमचा पहिला व्यायाम करून बघितला. खांदे वर जातात. खाली येत नाहीत. आई बोलते डॉक्टरकडे जा, गेले होते, ते बोलले टेन्शन आहे.

तुम्ही लिहू नको म्हटलंत तर मी लिहिणार नाही. फक्त तसं कळवा.

प्रियांका

*

खडवली
३ जानेवारी २०२५

चि. प्रियांकास,
आशीर्वाद.

पाकिटावर हाताला सवय म्हणून सौ. लिहून बसले. खोडायला हात होईना. पोस्टमन काय म्हणायचं ते म्हणो.

तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही. कागद घेऊन बसले की पहिलीच ओळ अडायची. सगळ्यांच्या तब्येती विचारत सुरू करायची माझी रीत. नयनच्या नावापाशी थांबायचं की त्याला वगळून पुढे जायचं, तेच उमगेना. आज वगळूनही लिहीत नाही आणि धरूनही लिहीत नाही. तू कशी आहेस तेवढंच विचारते.

आता जे काढलं नाही ते काढते, कारण तोंडाने माझ्याच्याने झालं नसतं. मला तुझा राग आला आहे. आला होता असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. माझा पोरगा दीड तासावर विझत होता, आणि मी इथे नसलेल्या नातवाची कुंची शिवत बसले होते. भरलेली पिशवी मी माझ्या हाताने रिकामी केली. गणपती गेले, गौरी गेल्या, नवरात्र बसलं, आणि मी रोज सकाळी देवासमोर हसत उभी. विहीणबाईंना ठाऊक होतं. तुझ्या भावाला ठाऊक होतं. आईला तेवढं नाही. नयनने मला वाचवायला हे केलं, ते मला कळतं. पण मला वाचवून घ्यायचं होतं का, हे कुणी विचारलं? नवऱ्याचं केलं तेव्हा मी मोडले नव्हते, ते त्याने बघितलं होतं. तरी त्याला वाटलं की मोडेन. यावर मी त्याच्याशी भांडायला हवं होतं. आले तेव्हा त्याच्यात भांडण्याइतकं काही उरलं नव्हतं.

मी दारात पोचले तो दिवस तुला आठवतच असेल. मी उंबऱ्यात थिजले होते, तो चेहरा बघून. तर हा म्हणतो, ओठाच्या एका कोपऱ्यातून, ‘पाहुण्यासारखी काय उभी राहिलीस? चप्पल काढ.’ मी चप्पल काढली. मग म्हणाला, ‘प्रियांकाला ओरडू नको.’ मी हो म्हटलं. म्हणून ओरडले नाही, तो होता तोवरही आणि नंतरही. मुलाचा शब्द पाळला. पण तो आता नाही, आणि शब्द माझ्या घशात अडकून बसलाय, म्हणून कागदावर काढला. झालं.

आता दुसरी बाजू सांगते, तीही तितकीच खरी आहे. कार्तिकातल्या त्या दिवसांत आपण दोघी त्याला चादरीवरून सरकवायचो, तू उशाला, मी पायथ्याला. तू त्याच्याशी बोलायचीस आधी, ‘नयन, आता उजवीकडे हं,’ आणि मगच हात लावायचीस. एकदाही न सांगता हात लावला नाहीस. त्याला कळत नव्हतं तेव्हासुद्धा. मी त्याच्या बापाला इतक्या मायेने उचललं नव्हतं. मी थकलेली असायचे, चिडायचे. हे मी बघितलं आहे आणि ते मी विसरणार नाही. शेवटच्या सकाळी त्याचा श्वास बदलला, तेव्हा तू मला पुढे केलंस आणि स्वतः पायांशी गेलीस. बायको असून डोक्याची बाजू मला दिलीस. त्याचं डोकं माझ्या हातात होतं. किती जड होतं ते, प्रियांका. लहानपणी नव्हतं इतकं.

तर असा माझा राग आणि असं हे. दोन्हींची बेरीज मला येत नाही. रात्रीच्या वर्गात गणितात मी कच्चीच होते.

तुझे खांदे वर जातात आणि खाली येत नाहीत, ते टेन्शन नाही. ते वाट बघत आहेत. कुणीतरी हाक मारेल आणि उचलावं लागेल, म्हणून ते तयारीतच राहतात. त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. माझे, नयनच्या बाबांनंतर, पुढचा पावसाळा येईपर्यंत तसेच होते. एकटीने कितीही खाली टाकलेस तरी ते टाकले जाणार नाहीत. दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं, ही म्हण दुखण्याला लागू आहे. याला नाही. याला दुसरं माणूस लागतं.

एक व्यायाम मी तुला कधी लिहिला नाही, कारण तो लिहून शिकवता येत नाही. जमिनीवर सतरंजी टाकायची. एकीने उताणं पडायचं. दुसरीने उशाशी मांडी घालून बसायचं आणि दोन्ही तळहात पडलेलीच्या डोक्याखाली सरकवायचे. मग पडलेलीने काहीच करायचं नाही. डोकं सोडून द्यायचं, सगळं वजन. सोपं वाटतं, पण नाही. आळीतल्या बायका आधी डोकं स्वतःच धरून ठेवतात, आपल्या हाताला ओझं होऊ नये म्हणून. मी सांगते, अगं, धरलंय मी, सोड. तरी सोडत नाहीत. मग केव्हातरी, बोलता बोलता, हातात एकदम वजन येतं. तेव्हा खांदे खाली उतरतात. बहुतेक जणी तेव्हा रडतात, त्याचं काही वाटून घ्यायचं नाही. नयनच्या बाबांनंतर माझं डोकं असं भाऊजींच्या कारभारणीने धरलं होतं. आता तीही नाही.

म्हणून तू इकडे ये. राग गेला की बोलावेन असं म्हणणार होते, पण तो कधी जाईल ते मला माहीत नाही, आणि तोवर तुझी मान अशी राहायला नको. रागावलेल्या सासूच्या हातात डोकं द्यायला भीती वाटत असेल तर तसं सांग. मलाही थोडी वाटते आहे. माझे हात तुझ्या डोक्याखाली असताना मला काय आठवेल, ते मी जाणते.

संक्रांतीच्या आधी ये. डोंबिवलीत बायका वाण घेऊन जिन्यावरून ये-जा करतील, ते तू दारातून बघत बसू नको. इथे आपण दोघी दार लावून घेऊ. भाऊजी भाकऱ्या आणून देतील, मी सांगून ठेवलंय. त्यांनी विचारलं, ‘वहिनी, ती येईल का?’ मी म्हटलं, मला काय ठाऊक.

येणार असशील तर कुठल्या दिवशी आणि सकाळच्या गाडीने की दुपारच्या, ते लिही. येणार नसशील तर तेही लिही. दोन ओळी पुरतील, पण आजच टाक. आता मला वाट बघायला लावू नको.

आवडाबाई